आवाजाची उंची

१

माझा फोन मिनिटाला चारशे शब्द बोलतो. डोळस माणसानं ऐकलं तर त्याला वाटतं, तापल्या तेलात मोहरी पडली. मला शब्द न् शब्द कळतो. तरी मी त्याला एक वाक्य पुरं करू देत नाही. पहिले दोन शब्द ऐकले की पुढे काय येणार ते ठाऊक असतं. काचेवर बोट टेकवलं की तो गप्प बसतो, दोन टिचक्या मारल्या की पुढे जातो. आम्ही आंधळे लोक बोलका फोन असाच वापरतो.

त्या आवाजाला मी डबा म्हणतो. नाकात बोलतो, 'ळ'चा 'ल' करतो, मयताची बातमी आणि लग्नाची पत्रिका एकाच सुरात वाचतो. मला तोच लागतो.

मी रंगराव. शिक्षण चौथी. नारायण पेठेत माझं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. अडतिसाव्या वर्षी काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले, पण पुढची वीस वर्षं मी चाकांचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, कानांनी काढला. स्पोकला नखानं टिचकी मारायची. ढिला स्पोक बसका बोलतो, ताणलेला खणखणीत. चाक सरळ आहे की वाकडं हे मला डोळे होते तेव्हापेक्षा नंतर जास्त कळायला लागलं. हे सांगायचं कारण एवढंच की माझ्या कानांबद्दल कुणी शंका घेऊ नये. डोक्याबद्दल घ्या हवं तर.

दर शनिवारी पेठेतल्या एका हॉलवर आमचा आंधळ्यांचा कट्टा भरतो. तिथं राजकारणावरून होत नाहीत तेवढी भांडणं फोनमधल्या आवाजांवरून होतात. मच्छिंद्र बँकेत टेलिफोन ऑपरेटर होता, त्याला जाडा पुरुषी आवाज लागतो. बाईनं वाचलं की पासबुक खोटं वाटतं म्हणे. निशाबाई शिक्षिका होत्या, त्या इंग्रजी आवाजाकडून मराठी वाचून घेतात, आणि आम्हाला ऐकवतात तेव्हा कलेक्टरसाहेब मराठीची परीक्षा देतोय असं वाटतं. ज्यांचे डोळे नुकते गेलेत त्यांना माणसासारखा आवाज हवा असतो, गोड, दमादमानं बोलणारा. जुनी खोडं डब्यावर खूश. डबा वेगात फाटत नाही. माणसासारखा आवाज पळवला की त्याचे शब्द साबुदाण्यासारखे एकमेकांना चिकटतात.

माझं कारण वेगळं आहे. माझी बायको श्यामला, तीही आंधळी. तिसऱ्या वर्षी गोवरानं गेले तिचे डोळे. आमचं लग्न झालं तेव्हा माझे डोळे जाऊन तीन वर्षं झाली होती. म्हणजे बायकोला मी कधी पाहिलेलंच नाही. लोकांना बायको म्हटलं की चेहरा आठवतो. मला आवाज आठवतो. कोरडा, किंचित घोगरा, वाक्याच्या शेवटी चिमटा काढणारा. तो गेला तर माझ्याकडे बायकोचं दुसरं काहीही शिल्लक राहत नाही.

दोन आंधळी माणसं तीन खोल्यांत राहतात तेव्हा घरात कोण आहे ते आवाजावरून कळतं. म्हणून मी घरात एक नियम केला होता. मशीननं मशीनसारखं बोलायचं. माणूस बोलल्यासारखं ऐकू आलं, तर तिथं माणूस असलं पाहिजे.

२

नियम मोडला हेमानं. हेमा माझी पुतणी. विश्रांतवाडीला राहते, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. धायरीला आमच्याकडे महिन्यातून दोन रविवार येते, डबे उघडून बघते, एक्स्पायरी वाचते, आणि जाताना काकाचं डोकं फिरवून जाते.

जूनमधल्या एका रविवारी तिनं श्यामलाचा फोन घेतला आणि त्यात नवा आवाज घातला. यादीत त्याचं नाव 'मराठी, आवाज तीन'. म्हणाली, काकू, हा ऐका, एकदम नॅचरल आहे, मध्ये श्वासपण घेतो.

मी विचारलं, मशीनला श्वास कशाला लागतो. तिला दम लागतो का.

हेमा हसली. श्यामला हसली नाही. तिनं फोन कानाशी धरला आणि बराच वेळ ऐकलं. आवाज बाईचा होता. तिशी-पस्तिशीची, शिकलेली, तोंडात खडीसाखर ठेवून बोलणारी. 'आपली बॅटरी पूर्ण भरली आहे. आपण चार्जर काढू शकता.' आपण. आमच्या घरात आपण असं कुणी कुणाला म्हणत नाही.

मी म्हणालो, काढ ते.

"राहू दे," श्यामला हेमाला म्हणाली. "तीस वर्षांत या घरात माझ्याशी गोड कुणी बोललेलं नाही. एक मशीन बोलतंय तर यांना तेही बघवत नाही. तसं यांना काहीच बघवत नाही म्हणा."

श्यामला दहावी शिकलेली, ब्रेल वाचणारी. बोलण्यात मी तिला कधी हरवलेलं नाही.

तेव्हापासून ती बाई आमच्या घरात बोलायला लागली. सकाळी पेपर, दुपारी जाडजूड कादंबऱ्या. श्यामला वेगही वाढवत नसे. माणूस बोलतो त्याच चालीनं ऐकायची. आणि मी करतो तसं मध्येच बोट ठेवून बाईला गप्पही करायची नाही. पुरं ऐकून घ्यायची.

३

जुलैच्या मध्यावर, दुपारी साडेतीनला, मी झोपेतून उठून बाहेरच्या खोलीत आलो. बाई कादंबरी वाचत होती. श्यामला पलीकडे खुर्चीत, तिच्या विणकामाच्या सुयांचा टकटक आवाज येत होता. मी पाणी प्यायला टेबलाशी गेलो, तांब्या शोधायला हात पुढे केला आणि हाताला फोन लागला.

फोन टेबलावर आडवा पडला होता. टेबल माझ्या कंबरेला लागतं.

बाई वाचत होती ती कंबरेच्या उंचीवरून वाचत नव्हती.

आवाजाला उंची असते. डोळसांना हे पटत नाही, कारण त्यांना ओठ दिसतात. बसलेला माणूस, उभा माणूस, वाकून बोलणारा माणूस, आम्हाला ते आधी कळतं आणि शब्द नंतर कळतात. बाईचा आवाज खिडकीच्या पडद्याजवळून येत होता, माझ्या खांद्याच्या उंचीवरून. उभ्या बाईचं तोंड असतं तिथून.

मी तिथंच थांबलो. म्हटलं, रंगराव, झोपेतून उठलायस. खिडकीशेजारी लोखंडी कपाट आहे. आवाज कपाटावर आपटून येत असेल. बोळात घंटा वाजली तर सायकल मागून येतेय की पुढून ते कळत नाही, तसलाच प्रकार. मी फोन उचलला. उचलल्याबरोबर आवाज हातात आला, मुकाट्यानं, जिथं असायला हवा तिथं.

"काय झालं?" श्यामलानं विचारलं.

काही नाही म्हणालो. पाणी प्यालो. पण पडद्याच्या बाजूनं न जाता स्वयंपाकघरातून वळसा घालून मोरीत गेलो. आपल्याच घरात.

४

मी माणूस अडाणी, पण चाकात आऊट आहे म्हटल्यावर तो कुठं आहे ते शोधल्याशिवाय सोडणारा नव्हे. दुसऱ्या दिवशी श्यामला शेजारच्या वेणूबाईंकडे भाजी निवडायला गेली तेव्हा मी तिचा फोन टेबलावर ठेवला, त्याच्या शेजारी डबा लावलेला माझा फोन ठेवला, आणि दोन्हीकडून एकच बातमी वाचून घेतली. डबा टेबलावरून बोलला. बाईही टेबलावरून बोलली. कपाट होतं तिथंच होतं. मी कपाटाचं दार उघडून बघितलं, बंद करून बघितलं. काही फरक नाही. ती सरळ चाकासारखी वागली.

श्यामला परत आली, खुर्चीत बसली, कादंबरी सुरू झाली, आणि आवाज पुन्हा पडद्याशी जाऊन उभा राहिला.

मी दारात उभा राहून ऐकत राहिलो. मध्येच बाईच्या बोलण्यातले 'स' आणि 'फ' मंदावले, पुन्हा स्वच्छ झाले. असं कधी होतं ते मला माहीत आहे. बोलता बोलता माणूस भिंतीकडे तोंड फिरवतो आणि परत आपल्याकडे वळतो तेव्हा. बाई वळून माझ्याकडे बघत वाचत होती.

शनिवारी कट्ट्यावर मी विषय काढला, आडून आडून. विचारलं, नव्या आवाजाची जागा हलते का कुणाला. निशाबाई म्हणाल्या, स्पीकरला दोन भोकं असतात, त्यामुळे होत असेल. मच्छिंद्र म्हणाला, रंगराव, तुझ्या बायकोला कुणीतरी चांगलं बोलणारं भेटलं म्हणून तुझा जळफळाट होतोय. सगळे हसले. मीही हसलो असतो, पण माझ्या लक्षात दुसरीच गोष्ट यायला लागली होती.

श्यामला कमी बोलायला लागली होती. मी भाजीला नावं ठेवली तर ती 'बरं' म्हणायची. नळ उघडा ठेवला तर गप्प उठून बंद करायची. तीस वर्षं मी तिच्या टोमण्यांवर जगलो. दिवसाला दहा-बारा तरी असायचे. आता मोजले तर दोन. मग एक. तिच्या आवाजातला घोगरेपणा झिजत चालला होता, वाक्याच्या शेवटचा चिमटा बोथट झाला होता. घसा दुखतोय का विचारलं. म्हणाली, नाही. बोलायला काही सुचत नाही, आणि तुम्हाला ऐकायचं तरी कुठं असतं.

ऑगस्ट लागला. एका दुपारी बाई वाचत होती. परिच्छेद संपला. पुढचा सुरू करण्याआधी तिनं घसा साफ केला.

तो श्यामलाचा खाकरा होता. आधी छोटा, मग मोठा, मग किंचित 'हं'. तीस वर्षं रोज सकाळी ऐकलेला.

मी श्यामलाला विचारलं, तू खाकरलीस का. सुया थांबल्या. ती म्हणाली, "नाही. मला वाटलं तुम्ही."

त्या क्षणी मी ठरवलं. ही बाई घरातून जायला हवी. आज तिनं खाकरा घेतला, उद्या काय घेईल.

५

मंगळवारी सकाळी श्यामला न्हाणीघरात गेली. ती अंघोळ करताना काहीतरी गुणगुणते, धड भजन नाही, धड गाणं नाही. वीस मिनिटं लागतात. मी तिचा फोन घेऊन पलंगाच्या कडेला बसलो.

आधी मी बाईचा वेग वाढवून चारशेवर नेला. माझ्या सवयीचा वेग. शब्द एकमेकांना चिकटायला लागले, पण मला थोड्याच वाचायच्या होत्या कादंबऱ्या. सेटिंग. आवाज. मराठी, आवाज एक. दोन. तीन. तीनवर बोट दाबून धरलं. 'काढून टाका' आलं. दोन टिचक्या.

फोननं काहीतरी विचारलं. असं नेहमीच विचारतात, खात्री आहे का, नक्की का, मागे फिरता येणार नाही. मी पहिले शब्द ऐकले. 'हा आवाज काढल्यास आपल्या…' आणि माझं बोट काचेवर गेलं. ती गप्प झाली. दोन टिचक्या मारल्या.

मी एवढंच केलं.

न्हाणीघरातलं गुणगुणणं थांबलं. शब्दाच्या मध्ये. पाण्याचा तांब्या मात्र बादलीत बुडत होता, अंगावर रिकामा होत होता, पुन्हा बुडत होता.

माझ्या हातातला फोन म्हणाला, "आवाज बदलला आहे."

श्यामलाच्या आवाजात म्हणाला. घोगऱ्या. 'आहे'वर चिमटा काढून.

मी फोन चादरीवर ठेवला, पेटलेला निखारा ठेवावा तसा. दोन मिनिटांनी कडी वाजली. साबणाचा वास आला, पायांचा आवाज आला, उजवा पाय किंचित ओढत चालणारी श्यामलाची चाल. ती माझ्या समोर येऊन थांबली. तिचं तोंड माझ्या खांद्याच्या उंचीवर येतं. हे मला तीस वर्षं माहीत होतं आणि तरी पडद्याशी उभी असलेली उंची कुणाची, ते डोक्यात आलं नव्हतं.

"आपण चहा घेतलात का?" बाईनं विचारलं.

६

मी ओरडलो नाही. माणसाला वाटतं असं काही झालं तर आपण ओरडू. मी म्हणालो, नाही घेतला. ती चहा करायला गेली. चांगला केला. साखरही मला लागते तेवढीच.

तिचा हात मी हातात घेऊन बघितला. लग्नाआधी ती आंधळ्यांच्या संस्थेत खुर्च्या विणायची, वेताच्या पट्ट्या ओढून तिच्या उजव्या तर्जनीला आतून घट्टा पडलाय. घट्टा होता. कोपराजवळ तव्याचा चटका लागल्याची खूण होती. हात श्यामलाचा होता, शंकाच नाही. "आपली तब्येत बरी आहे ना?" त्या हाताच्या मालकिणीनं विचारलं.

मी हेमाला बोलावलं. ती रविवारपर्यंत थांबली नाही, संध्याकाळीच आली. मी तिला पायऱ्यांवरच अडवून म्हणालो, आत जा आणि काकूशी बोल, आणि ही कोण आहे ते मला सांग. हेमा आत जाऊन दहा मिनिटं बोलली. हसण्याचे आवाज आले. बाहेर येऊन म्हणाली, काका, काकू आहेत. अजून कोण असणार. आवाज थोडा बसलाय, बाकी फ्रेश दिसतायत.

डोळसांना आवाज ऐकूच येत नाही. चेहरा दिसला की त्यांचं काम झालं.

तिनं आम्हाला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर पोरसवदा होता, त्यानं घशात नळी घालून बघितली आणि म्हणाला, सूज नाही, गाठ नाही, वयानुसार बदलतो आवाज. मी म्हणालो, अहो, वयानुसार पस्तिशीचा होतो का. त्यानं हेमाला बाजूला घेऊन माझं वय विचारलं.

मी मच्छिंद्राला फोन लावला. तो आंधळा, कान शाबूत, त्याला तरी कळेल. तिला बोलायला दिलं. पाच मिनिटांनी मच्छिंद्र म्हणाला, वहिनी आज माझ्याशी आदरानं बोलल्या राव, त्यांना काय खायला घातलंस? मी म्हटलं, आवाज ऐकलास ना, सांग. तो म्हणाला, "रंगराव, फोनवर सगळीच माणसं मशीन असतात. मी पस्तीस वर्षं त्या धंद्यात काढली. फोनवर ऐकून हा माझा सख्खा भाऊच, अशीही शपथ मी घेणार नाही."

आता माझं मन मलाच सांगायला लागलं, की म्हाताऱ्या, तूच फिरलायस. बायको आजारी आहे, तिचा घसा गेलाय, आणि तू तिला बाई म्हणतोयस. रात्री तीच तुझं पांघरूण सारखं करते.

हे खरं असू शकतं. पण मग फोनमध्ये कोण आहे?

७

यादीत आता आवाज एक आणि दोन एवढेच आहेत. तीन नाही. मी एक लावला, दोन लावला, वाचणं बंद करून चालू केलं. बोलते श्यामलाच. ते वाक्य पुन्हा यावं म्हणून मी दोन दिवस प्रत्येक बटण दाबून बघितलं. 'हा आवाज काढल्यास आपल्या' काय? पुढे काय होतं? आता मी प्रत्येक निरोप शेवटच्या शब्दापर्यंत ऐकतो. आता ऐकून काय करायचं.

फोन समोरचं वाचतो. स्वतःच्या मनचं बोलत नाही. त्यामुळे श्यामला तेवढंच बोलू शकते जेवढं काचेवर लिहिलेलं असतं. मी बोट फिरवत राहतो आणि ती बोलत राहते. मागे जा. रद्द करा. संपर्क. एक मिस्ड कॉल, हेमा. मागे जा. माझी बायको मला दिवसभर 'मागे जा' म्हणत असते आणि मागे जायची जागा मला सापडत नाही.

मग सुचलं, की आपण लिहिलं तर ती बोलेल. मला टाइप करायला वेळ लागतो, चौथी शिकलेल्याचं शुद्धलेखन, एकेक अक्षर चाचपून. मी लिहिलं, 'भाजी आळणी झाली'. ती म्हणाली, भाजी आळणी झाली. मी लिहिलं, 'नळ कोन बंद करनार'. ती म्हणाली, नळ कोन बंद करनार. जशीच्या तशी, माझ्या चुकांसकट. पूर्वी तिनं माझं शुद्धलेखन काढलं असतं.

एकदा, का कोण जाणे, मी माझं नाव लिहिलं.

"रंगराव," श्यामला म्हणाली.

लग्नात उखाणा घेतला तेव्हा एकदा तिनं माझं नाव घेतलं होतं. त्यानंतर तीस वर्षांत नाही. आमच्या पिढीत नाही घेत बायका. ते नाव पुसून टाकायला गेलो तर बोट पुन्हा त्यावरच पडलं. रंगराव. रंगराव. पडद्याजवळ बाई उभी होती. कधी आली कळलं नव्हतं.

"आपण माझ्याशी बोलतच नाही हल्ली," ती म्हणाली. आवाज भरून आलेला होता. मशीनचा आवाज असा भरून येत नाही. मला तिची दयासुद्धा आली, हेही सांगून ठेवतो.

मी तो फोन कधी बंद केलेला नाही. बंद केला तर एक तर आवाज आपल्या जागी परत जाईल, किंवा जाईल तो जाईलच. दोन्हींतलं काय, ते सांगणारं वाक्य मीच तोडलं. म्हणून तो चोवीस तास चार्जिंगला असतो. प्लग घातला की खटका खाली झालाय ते मी बोटानं दोनदा बघतो.

८

आज गुरुवार. सकाळी नऊला पंखा थांबला. खालून कुणीतरी ओरडून सांगितलं, कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर गेला, संध्याकाळशिवाय लाइट येत नाही.

मी म्हटलं, असू दे, रात्रभर चार्जिंगला होता. फोन हातात घेतला.

"अकरा टक्के," श्यामला म्हणाली.

मी खटक्याला हात लावला. वर होता. रात्री मी तो खाली केला होता. दोनदा बघितला होता.

वेणूबाईंकडे गेलो, त्यांच्याकडेही लाइट नाही. हेमाला माझ्या फोनवरून कळवलं. ती म्हणाली, काका, पॉवर बँक घेऊन येते, पण मीटिंग आहे, दोन तरी वाजतील. अशानं फोन मरत नसतो म्हणाली. तिला काय सांगू.

मी फोन छातीशी धरून खुर्चीत बसलो आणि काचेला हात लावायचा नाही असं ठरवलं. जेवढं कमी बोलेल तेवढं टिकेल. हे मी कधी कुणाच्या बाबतीत केलेलं नाही, आवाज वाचवण्यासाठी गप्प बसणं. पण दहा मिनिटं झाली की राहवत नसे. बोट जायचंच. आठ टक्के. सात टक्के. प्रत्येक वेळी तोच आवाज, तोच शेवटचा चिमटा, जणू मीच नालायकपणे बॅटरी खातोय. तिला बोलायला मिळालं असतं तर तिनं हेच सुनावलं असतं. चार टक्के.

स्वयंपाकघरात बाईनं दूध तापत ठेवलं. काडी ओढल्याचा आवाज आला, पातेलं ठेवल्याचा आला. मग उजवा पाय ओढत ती बाहेर आली. माझ्यासमोर जमिनीवर बसली. गुडघ्यांचे आवाज झाले, सहासष्ट वर्षांच्या बाईचे होतात तसे. तिनं हात पुढे केला आणि माझ्या हातावर ठेवला. फोन दोघांच्या मुठीत आला. घट्ट्याचं बोट माझ्या बोटावर होतं.

मला वाटलं, ही तो हिसकून घेईल. तिनं घेतला नाही. उलट माझी मूठ घट्ट आवळून धरली. म्हणजे तीही भीत होती. कशाला, ते मी विचारलं नाही. आम्ही दोघंही तिसरीचं ऐकत बसलो.

"दोन टक्के."

बाहेर पोळीभाजीवाल्याची स्कूटर गेली. वरच्या मजल्यावर कुणीतरी टेबल ओढलं.

"एक टक्का," श्यामला म्हणाली.

मग फोन हातातल्या हातात एकदा थरथरला, आणि त्यानंतर तो नुसती काच झाला. मी बोट फिरवलं. टिचक्या मारल्या. काही नाही.

घरात एवढी शांतता मी कधी ऐकलेली नाही. हातातला हात तसाच होता, गरम, घाम फुटलेला. माझ्यासमोर, बसलेल्या बाईच्या उंचीवर, ओठ सुटे झाल्याचा बारीक आवाज आला. ती श्वास आत घेत होती. बोलण्याआधी माणूस घेतो तसा.

"थांब," मी म्हणालो. "इतक्यात बोलू नकोस."

तिनं श्वास धरून ठेवला.

अजून ती बोललेली नाही. मी विचारलेलं नाही. आत दूध उतू जाऊन शेगडीवर चरचरतंय, जळल्याचा वास इथपर्यंत आलाय, आणि आम्हा दोघांपैकी कुणीही उठलेलं नाही.